मऊ हाताचं काम

बाबारावांनी इतवारीच्या शेटच्या फियाटचं मडगार्ड आणि बॉडी यांच्यामधली फट पुट्टीने भरली, घासली आणि नेहमीसारखी हाक मारली, "गोपिका, ये वं, हात फिरवून पाह्य." सगळी गाडी एकाच पत्र्यातून घडवल्यासारखी दिसावी ही शेटची हौस, आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा कळतो तो फक्त मऊ तळव्याला. धाकटी गोपिका डोळे मिटून, महाराणीच्या थाटात, बोटं फिरवू लागली. थोरल्या शामलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काहून, मले हात नाही का?" बहिणीला बाजूला सारून तिने आपला तळवा टेकवला. "एकदम साफ आहे, बाबा!"

"इथं गाठ आहे ना वं, ताई," गोपिका खुदकन हसली. "तुले समजूनच नाही राहिली."

"शामले, राहू दे," बाबाराव म्हणाले. "तुहा हात खरबडा झाला."

शामलाने क्षणभर तळवा पाहिला. मग तरातरा घरात गेली आणि खरकट्या भांड्यांचं घमेलं, राख अन् काथ्या आणून गोपिकाच्या पायाशी आदळलं.

"महिनाभर हे तू घास. मंग पाहू, बाबा कोनाले हाक मारते!"