शेवटचं फंक्शन

बाबांनी तरुणपणी एका प्रोग्रामिंग भाषेसाठी मजकूर जोडायची-तोडायची फंक्शन्स, म्हणजे छोटे तयार प्रोग्राम, लिहिली होती. घरी येईल त्याला ते अजून सांगत, "जगभर चालतात माझी फंक्शन्स!" पण जागा न बघता मजकूर कोंबतात आणि शेजारची माहिती बिघडवतात म्हणून ती आता धोकादायक ठरली होती, आणि ती काढून नवी बसवायचं काम नेमकं त्यांच्या प्रोग्रामर लेकीच्याच वाट्याला आलं. वर्षभर तिने घरात अवाक्षर काढलं नाही. आज शेवटचं फंक्शन काढल्यावर मात्र तिला राहवेना. बाबांच्या खुर्चीपाशी बसून तिने सगळं सांगून टाकलं.

"काढणार आहेत, आणि तेही तूच, हे मी वर्षापूर्वीच वाचलं होतं गं," बाबा हळूच म्हणाले.



"तू काही बोलत नव्हतीस, म्हणून वाटायचं," ते पुढे म्हणाले, "माझं एखादं तरी राखलं असशील."