वरीची काणी

सगुणा श्रीवर्धनहून बोर्लीची वाट तुडवत माहेरी आली, ती भावाला सावध करायला. तिच्या उतारावरच्या वरीला काणी लागली होती. कणीस चुरलं की दाण्याऐवजी काळी पूड हाताला यायची. वर्षाची पेज त्या तुकड्यावर होती, ती गेली. तरी वाटभर तिला घोर होता तो बाबाजीचा. मिरगाआधी बियाणं त्यानेच दिलं होतं, तेव्हा त्याचंही शेत असंच गेलं असणार.

बाबाजी खळ्यावर वरी झोडत होता. रास स्वच्छ पडली होती, औषधालासुद्धा काळा ठिपका नाही. सगुणा बघतच राहिली.

"दादा, तुला काणी न्हाय लागली?"

बाबाजीने हातातली पेंढी खाली ठेवली. भावजय आवडाबाईच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे.

"गेल्या साली लागली व्हती ना, वन्सं. म्हनून औंदा ग्रामसेवकानं गंधक दिला. यांनी बियान्याला चोळला नि मग पेरलं."

"आन् मला दिलं त्याला?"

आवडाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. बाबाजी मान वर न करता म्हणाला, "गंधक थोडा व्हता, सगे. आन् वटीतल्या बियान्याला कोन औशिद लावतं व्हय?"

माहेरून ओटीत मिळालेलं बियाणं बहिणीने न बघता पदरात घ्यायचं, त्याला सूप लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. सगुणाने ती इमानाने पाळली होती, आणि आता भाऊ त्याच रितीच्या आड लपत होता. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती.

"तुला ठाव व्हतं," ती म्हणाली. "नुस्तं सांगितलं असतंस, तरी मी दुसरीकडनं आनलं असतं."

बाबाजीने पुन्हा पेंढी उचलली. आवडाबाई लगबगीने राशीतून सूप भरून आली.

"घ्या वन्सं, औंदाचं चोख हाय. पदर धरा."

सगुणाने पदर धरला नाही. सुपातली मूठभर वरी तिने तळहातावर घेतली, उन्हाकडे तोंड केलं, आणि भावाच्या देखत एकेक दाणा निरखू लागली.