फोनवरचं गिऱ्हाईक

लिलावाच्या सभागृहात फोनच्या टेबलाशी दोघी बसल्या होत्या. एक तिथली मुरलेली, दुसरी बँकेतली नोकरी सोडून कलेचा धंदा शिकायला आलेली. मालकांनी नवीला बजावलं होतं, "तुमच्या फोनवर कुणी नसेल. शेजारणीचं गिऱ्हाईक खरं आहे, त्याला चढवत न्या. पण तो थांबायच्या आत थांबा."

ज्यांचं चित्र लिलावाला होतं ते म्हातारे चित्रकार पहिल्या रांगेत बसले होते. सभागृहातून एकही हात वर येईना. नवीने हात केला, शेजारणीने केला, पुन्हा नवीने. भाव तिप्पट झाला आणि शेजारीण थांबली. हातोडा पडला.

नवीने टेबलामागे उभ्या मालकांकडे वळून पाहिलं. "सर, चित्र माझ्याच गळ्यात पडलं!"

"माझ्या फोनवर तरी कोण होतं?" शेजारीण पुटपुटली.

मालक हसले. "शिकायला आलात ना, बाई? या चित्रकारांची सगळी चित्रं आपण मागच्याच वर्षी पडेल भावात घेतली. आज त्या सगळ्यांचा भाव तिप्पट झाला."

तेवढ्यात चित्रकार टेबलाशी आले. डोळे भरलेले होते.

"अजून लाइनवर आहेत का हो ते? मला एकदा त्यांचे आभार मानू द्या," म्हणत त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.