रिकामे चौकोन

जे आपल्या घरी सदैव असते, ते दुसऱ्याच्याही घरी असेलच असे मानणे, हा सज्जनांच्याही हातून घडणारा अपराध आहे.

वैजयंतीने आपल्या गुरुजींच्या आयुष्यभराच्या वैदिक शब्दकोशाचे, त्यांच्या लिनक्स संगणकावर थेट बसवता येईल असे, पॅकेज बांधून पाठवले. त्यातली वैदिक अक्षरे पडद्यावर दाखवणारा फॉन्ट मात्र आत घालायचा राहिला. तिच्या संगणकात तो आधीपासूनच होता, म्हणून तिला उणीव दिसली नाही.

गुरुजी निवर्तल्यावर ती काकूंना भेटायला गेली. तिने गुरुजींच्या संगणकावर कोश उघडला, तर पानोपानी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

"काकू, कळवलं का नाहीत?"

"मला काय कळतंय गं त्यातलं? हे म्हणायचे, 'वैजूचं काम चुकायचं नाही, माझेच डोळे गेले.' तरी रोज समोर बसायचे."

तिने फॉन्ट बसवला. अक्षरे उमटली, वाचणारे नव्हते.

गुरुजींना सद्गती लाभो, आणि तिला पुढचे पॅकेज बांधण्याचे बळ.