स्पार्क प्लगचा मोर

मोराच्या मानेला पुन्हा कुणीतरी हेल्मेट अडकवून गेलं होतं.

धम्मपालने ते काढून खाली ठेवलं. स्पार्क प्लगचा मोर. शिफ्ट संपल्यावर वेल्डिंग करकरून वर्षभरात उभा केलेला. आकुर्डीच्या हॉलमध्ये नव्या कलाकारांचं प्रदर्शन भरलं होतं. मिनलने फाटक्या हँडग्लोव्हजची गोधडी टांगली होती. नेहाने कंपन्यांचे भोंगे रेकॉर्ड करून लावले होते, आणि भोंगा झाला की बघायला आलेल्यांतले दोघं-तिघं सवयीने डबा उघडून बसायचे. त्या दोघींचं धम्मपालला काही वाटत नव्हतं. त्याचा जीव जळत होता तो समोरच्या कोपऱ्याकडे बघून.

तिथे शहेबाजचं मशीन होतं. शहेबाज त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त, दिघीतल्या गॅरेजवाल्याचा मुलगा. गॅरेजमागे गंजत पडलेला, पत्रा दाबून भांडी काढायचा जुना प्रेस त्याने उचलून आणला आणि मांडला. प्रेसचा दांडा पत्र्याच्या चकतीवर खाली यायचा, निम्म्यात अडकायचा, थरथरायचा आणि वर जायचा. पुन्हा खाली, पुन्हा अडकला. बस, एवढंच. आणि त्याच्यापुढे ही गर्दी!

"आला, आला, आला... अरेरे!" सगळे एका सुरात.

"बेअरिंग गेलंय त्याचं," चऱ्होलीचे धोंडीबा म्हणाले. रिटायर फिटर. रोज येत होते.

"बाबा, बेअरिंग गेलं असतं तर आवाज आला असता. मोटर कमी पडतीय," गर्दीतला एक पोरगा म्हणाला.

"तू आमाला नको शिकवू. हात लावू दिला आसता तर दावलं आसतं."

हात मात्र कुणी लावत नव्हतं. तशी पाटीच होती.

धम्मपालची आईपण येऊन गेली. मोराकडे बघून "छान झालाय हां" म्हणाली आणि मशीनपुढे खुर्ची ओढून बसली. निघताना डोळे पुसत म्हणाली, "तुझे पप्पा शेवटी शेवटी जिन्यात असेच अडकायचे रे."

शहेबाज मात्र येता-जाता मोराच्या पाठीवर थाप मारायचा. "भावा, तुझा मोर म्हणजे कडक विषय!" आणि हे तो मनापासून म्हणायचा. तेच सगळ्यात जास्त झोंबायचं.

आज संध्याकाळी दिल्लीच्या एका संस्थेच्या कस्तुरा मॅडम येणार होत्या. सगळ्यांतून एकच काम निवडणार आणि ते महिनाभर दिल्लीला मांडणार, कलाकारासकट. चाकणला कंपनीत धम्मपालने रजेचं आधीच सांगून ठेवलं होतं. कॅन्टीनमध्येही सगळ्यांना कळवून झालं होतं. आता मोर आकुर्डीतच राहिला, तर कंपनीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

दुपारी शहेबाज जेवायला निघाला. "भावा, माझ्या मशीनवर जरा लक्ष ठेव."

हॉल रिकामा झाला. धम्मपाल लक्ष ठेवायला गेला.

तोडफोड मनात आली नाही असं नाही. पण बिघडलेलं मशीन आणखी बिघडवून काय होणार? गर्दी दुप्पट झाली असती. मग त्याला खरा उपाय सुचला.

मशीनखाली पाना पडलेलाच होता, हवा त्याच मापाचा. बेअरिंग ठणठणीत होतं. पट्टा ढिला होता. धम्मपालने पट्टा ताणून नट आवळला, सवयीने तेलही सोडलं. दांडा खाली आला. अडकला नाही. टक्. चकतीची वाटी होऊन बाहेर पडली, नवी चकती पुढे सरकली. टक्. पुन्हा वाटी.

इतकं समाधान त्याला मोर पूर्ण झाला तेव्हाही झालं नव्हतं. हा विचार त्याने लगेच झटकून टाकला.

हळूहळू लोक यायला लागले.

"चालू झालं व्हय?" धोंडीबांचा चेहरा उतरला. दोन वाट्या पडेपर्यंत ते थांबले. "मग आता काय बघायचं? ह्ये आमी आयुष्यभर बघितलंय, पगार घेऊन."

गर्दी पांगली. बरेच जण मोराकडे वळले. एकाने तर हेल्मेट अडकवायच्या आधी विचारलंसुद्धा.

कस्तुरा मॅडम आल्या तेव्हा मशीन एकटंच टकटक करत होतं. त्यांच्याबरोबर शहेबाज होता. धम्मपाल हात पाठीमागे घेऊन मोराशेजारी उभा राहिला आणि शहेबाजचा चेहरा पडायची वाट बघू लागला.

शहेबाज वाट्यांच्या ढिगाकडे बघत राहिला.

"सापडला कुणी?" मॅडमनी हळूच विचारलं.

"सापडला!" शहेबाज म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, मॅडम? आमच्या भागात बंद मशीन लोकांना बघवत नाही. कुणीतरी पाटी न जुमानता हात घालणारच."

"पण कोण?"

शहेबाजने हॉलभर नजर फिरवली. मग सरळ मोरापाशी आला, धम्मपालचे हात पुढे ओढले. नखं काळी होती.

"भावा!" त्याने कडकडून मिठी मारली. "तूच असावास असं फार वाटत होतं रे."

"मग दिल्लीला हेच," कस्तुरा मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी तुम्ही बिघडवायचं, दुपारी यांनी येऊन दुरुस्त करायचं. तुम्हाला रजा मिळेल ना?"

"सांगून ठेवलीय," धम्मपाल म्हणाला.

शहेबाजने पेन काढलं आणि मशीनशेजारच्या कार्डापुढे उकिडवा बसला. वर कलाकार म्हणून त्याचं एकट्याचं नाव होतं. ते त्याने तसंच राहू दिलं. खाली, काम कशाकशापासून बनवलंय त्या ओळीत, 'लोखंड, मोटर, रबरी पट्टा' असं छापलेलं होतं. त्यापुढे एक स्वल्पविराम देऊन त्याने नीट, वळणदार अक्षरात लिहिलं: धम्मपाल.