परातीतले पाय

नगरसेविका हेमलताताई पुन्हा मतं मागायला निघाल्या होत्या. दारोदारी बायका औक्षणाला उभ्या होत्या आणि पाय धुताना या वेळी पायाखाली परात ठेवत होत्या. मागच्या निवडणुकीत पाणी सरळ उंबऱ्यापाशी ओतलं होतं. आपला मान वाढला, असं ताईंना वाटलं.

"घरोघरी नळ, ताईंचं बळ!" कार्यकर्ते मागून ओरडत होते.

एका दारातून निघताना ताईंचा पदर कडीत अडकला. तो सोडवायला त्या मागे वळल्या. आत्ताच त्यांचे पाय धुतलेली बाई ती परात जपून मोरीत नेत होती. पाणी बादलीत ओतून तिने सासूला हाक मारली, "आत्याबाई, संडासापुरतं झालं बरं का!"

ताईंनी गल्लीत मागे पाहिलं. कुठल्याच दारापुढे ओल नव्हती.

पुढच्या दारात सून तांब्या घेऊन वाकली, तसा ताईंनी पाय मागे घेतला. "राहू दे गं. नको."

"आमच्याच दारात नको?" म्हातारी सासू दुखावून म्हणाली. "नळाला आठवड्यानं पाणी येतं ताई, पण तुमच्यापुरतं ठेवलंय की."

ताईंनी पाय परातीत ठेवला. रोज पाणी देण्याचं आश्वासन, मागच्या वेळी दिलेलंच, पुन्हा द्यायचं त्यांनी टाळलं. "थोडंच ओत," एवढंच त्या पुटपुटल्या.

सुनेने अख्खा तांब्या रिता केला.