तीन वाट्या आमटी

यमुनाताई ढेब्यांनी वाढलेल्या पानात मीठ नव्हतं. रस्ते महामंडळाचे अभियंते मिरीकर यांच्या ते लक्षात आलं, पण आमटीच्या तीन वाट्या पाहून ते खूश झाले.

जगाचा उकाडा कमी व्हावा म्हणून आभाळात धुळीचा पडदा सोडला, तेव्हापासून साताऱ्याच्या डोंगरात बर्फ पडू लागला होता. घाटाच्या तीन वळणांवर महामंडळाने बर्फ वितळवणारे मिठाचे तीन प्रकार टाकून पाहिले: साधं, मॅग्नेशियमचं आणि कॅल्शियमचं. रस्ता कशाने लवकर मोकळा होतो, एवढंच मोजलं. वितळलेलं पाणी जातं कुठे, हे कुणीही विचारलं नाही.

"कॅल्शियमचा पहिला नंबर!" मिरीकर भात कालवत म्हणाले. "आता घाटभर तेच टाकणार."

"आधी आमटी चाखा."

पहिली खारट लागली, दुसरी कडू, तिसरी तर गिळवेना.

"ताई, मीठ फार झालंय हो."

"चिमूटभरही घातलेलं नाही!" यमुनाताई कडाडल्या. "तुमच्या तीन वळणांखाली आमच्या तीन विहिरी आहेत. एकेकीच्या पाण्यात एकेक आमटी शिजवलीय. तुलनाच करायचीय ना? मग सांगा, यातली कुठली लेकरांना वाढू?"

मिरीकरांनी घाईघाईने तांब्या तोंडाला लावला आणि घोट तसाच बाहेर थुंकला.

"प्या की, साहेब," यमुनाताई म्हणाल्या. "तुमच्या पहिल्या नंबराचंच पाणी आहे ते."